रंगवलेला नकाशा आणि प्राचीन सत्ता

प्राचीन काळावरचा एखादा नवा स्ट्रॅटेजी गेम येऊ घातला की सर्वांत आधी त्याची झलक येते: ढालींची भिंत, हत्तींची रांग, संगमरवरी खांबांआडून उगवणारा सूर्य. मग चाहत्यांमध्ये वाद रंगतात. हे शिरस्त्राण त्या शतकातले आहे का, हा घोडेस्वार रिकीब वापरतो आहे ती कुठून आली, अमुक मंदिर तेव्हा बांधले गेले होते का. हे वाद फुकट जात नाहीत. त्यांच्यामुळे चुका सुधारतात आणि कित्येक जण पुस्तकांकडे वळतात. पण डेमो हाती आल्यावर पहिल्या तासाभरात तपासायला हवी ती गोष्ट वेगळीच आहे. नकाशा जितका दूर नेता येईल तितका न्यावा आणि पाहावे. सगळी जमीन कुठल्या ना कुठल्या रंगाने काठोकाठ भरलेली दिसेल. रोम तांबडा, कार्थेज पांढरा, मौर्य आणखी कुठल्या रंगात, आणि दोन रंगांमध्ये केसाइतकी बारीक, ठाम रेघ. या रेघेच्या आत राजाला सगळे दिसते, प्रत्येक गावाची लोकसंख्या आकड्यात कळते आणि सोडलेला हुकूम त्याच क्षणी पोचतो. माझे म्हणणे असे की या खेळांतली सर्वांत मोठी ऐतिहासिक चूक ही आहे. शिरस्त्राण दोनशे वर्षांनी चुकले तर फारसे बिघडत नाही. सत्ता म्हणजे काय हेच दोन हजार वर्षांनी चुकले, तर खेळणारा प्राचीन वेशातल्या आधुनिक राष्ट्राचा कारभार पाहत बसतो.

हा नकाशा आला कुठून, हे पाहण्यासारखे आहे. त्याचे मूळ अथेन्सात नाही आणि पाटलिपुत्रातही नाही. ते प्रशियात आहे. १८१२ साली थोरल्या राइसवित्झने प्रशियाच्या राजाला युद्धखेळाचे एक टेबल सादर केले. त्याच्या मुलाने, म्हणजे तोफखान्यातल्या एका तरुण अधिकाऱ्याने, १८२४ मध्ये तो खेळ खऱ्या भूमापन नकाशांवर आणला. प्रमाण होते १:८०००, एक चाल म्हणजे दोन मिनिटे. अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी तो प्रशियाच्या सैन्यात पसरला. त्यातली मोलाची गोष्ट म्हणजे पंच. दोन्ही बाजू आपले हुकूम लिहून पंचाकडे देत, आणि पंच नकाशावर फक्त तेवढेच ठोकळे मांडी जेवढे त्या बाजूच्या सैनिकांना खरोखर दिसले असते. सेनापतीला किती कमी ठाऊक असते, हे त्या खेळाच्या गाभ्यातच होते. पुढे खेळ छावणीतून दिवाणखान्यात आला. १९५४ मध्ये अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्सने ‘टॅक्टिक्स’ विकायला काढला, १९५७ मध्ये फ्रान्समध्ये चित्रपट दिग्दर्शक आल्बेर लामोरिसचा जग जिंकण्याचा खेळ आला, जो पुढे ‘रिस्क’ म्हणून घरोघरी गेला. घरात पंच कोण होणार? म्हणून पंच गेला आणि नकाशा दोघांसमोर उघडा पडला. ‘रिस्क’मध्ये तर जितके प्रदेश ताब्यात तितक्या जास्त फौजा, इतके सोपे गणित. १९८० मध्ये फ्रान्सिस ट्रेशमने ‘सिव्हिलायझेशन’ या पटावरच्या खेळात भूमध्य समुद्राचा पूर्व भाग घेऊन लोकसंख्या, शहरे, व्यापार आणि आपत्ती यांना महत्त्व दिले; तो वेगळा प्रयत्न होता आणि मला तो आजही अनेक नव्या खेळांहून शहाणा वाटतो. १९९१ मध्ये सिड मायरचा त्याच नावाचा संगणकखेळ आला आणि पुढची वाट ठरली. संगणक हा न थकणारा पंच आहे. राइसवित्झच्या पंचाचे काम तो कोट्यवधी वेळा करू शकतो. तरी त्याला काम दिले गेले ते अर्धेच. शत्रूचा मुलूख ‘फॉग ऑफ वॉर’च्या काळोखात झाकायचा, एवढेच. स्वतःचे राज्य मात्र लख्ख उजेडात राहिले.

आता धान्याचा दाखला घेऊ, कारण प्राचीन सत्तेचा आकार धान्याने ठरवला. १९९७ चा ‘एज ऑफ एम्पायर्स’ आपल्याकडच्या सायबर कॅफेंच्या पिढीला तोंडपाठ आहे. त्यात बारा प्राचीन संस्कृती होत्या (भारतातली एकही नव्हती). गावकरी झुडपांवरची फळे तोडतो, कोठारात आणून टाकतो, वरच्या पट्टीतला अन्नाचा आकडा वाढतो, आणि त्याच क्षणी नकाशाच्या दुसऱ्या टोकाला, नदी-डोंगरांपलीकडे, त्या अन्नातून भालाईत तयार होतो. तो भालाईत पुढे आयुष्यभर काही खात नाही. अन्न इथे पैशासारखे वागते: वजन नाही, वाट नाही, कुजणे नाही. याच्याशेजारी सम्राट डायोक्लिशनचे इ.स. ३०१ चे दरपत्रक ठेवावे. त्यात गव्हाचा कमाल भाव मोठ्या मापाच्या एका मोदियसला १०० दिनार आहे आणि १२०० रोमन पौंड वजनाच्या गाडीभाड्याचा कमाल दर मैलाला २० दिनार. अशा गाडीत साधारण ६० मोदियस गहू मावतो, म्हणजे ६००० दिनारांचा माल. ३०० रोमन मैल, म्हणजे सुमारे ४४० किलोमीटर गेल्यावर भाडेच मालाइतके होते. त्याच दरपत्रकात अलेक्झांड्रियाहून रोमपर्यंतचे जहाजभाडे एका मोदियसला १६ दिनार आहे. अख्खा समुद्र ओलांडायला गव्हाच्या किमतीच्या सहाव्या हिश्शाच्या आत. इतिहासकार ए. एच. एम. जोन्स यांनी याच आकड्यांवरून दाखवले की भूमध्य समुद्राच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गहू जहाजाने नेणे हे ७५ मैल गाडीने नेण्यापेक्षा स्वस्त होते. यावर रास्त शंका अशी की दरपत्रकातले भाव हे सरकारने घातलेली कमाल मर्यादा होती आणि तो हुकूम बाजारात टिकलाही नाही. खरे आहे, पण दोन भाड्यांमधली तफावत इतकी प्रचंड आहे की प्रत्यक्ष भाव निम्मे किंवा दुप्पट धरले तरी निष्कर्ष हलत नाही. रोमला इजिप्त आणि आफ्रिकेचा किनारा जवळचा होता. आपल्याच देशातला डोंगरापलीकडचा एखादा तालुका दूरचा होता. मग जो नकाशा सगळी जमीन सारख्याच रंगाने भरतो आणि बंदर व दऱ्याखोरे यांना सारखेच वजन देतो, तो रोमचा नकाशा कसा म्हणायचा? रोमनांचा रस्त्यांचा जो एक नकाशा मध्ययुगीन प्रतीतून आपल्यापर्यंत आला आहे, तो पॉइटिंगर पट, जवळजवळ पावणेसात मीटर लांब आणि जेमतेम ३४ सेंटिमीटर उंच आहे. त्यात मुक्काम, अंतरे, रस्ते आणि नद्या आहेत, पूर्वेच्या टोकाला केरळातले मुझिरिसही आहे. राज्यांचे रंग नाहीत.

दुसरा दाखला माहितीचा. ऑगस्टसने आपल्या कार्याच्या लेखात रोमन नागरिकांची गणती नोंदवली आहे: इ.स.पू. २८ मध्ये ४०,६३,००० आणि इ.स. १४ मध्ये ४९,३७,०००. प्राचीन जगातली याहून चांगली शिरगणती सापडणे कठीण. तरीही या आकड्यांत फक्त प्रौढ पुरुष धरले आहेत की बायकामुलेही, यावर विद्वानांचे आजही दोन तट आहेत, आणि त्यानुसार इटलीची लोकसंख्या दुपटीहून जास्त बदलते. गेममधल्या राजाला मात्र गावाच्या नावावर टिचकी मारताच किती गुलाम, किती नागरिक, किती समाधानी हे सगळे कळते. प्रत्यक्षातला कारभार कसा चाले, ते धाकट्या प्लिनीच्या पत्रांतून दिसते. इ.स. ११० च्या सुमारास तो बिथिनियाचा सुभेदार होता. तो प्रांतात दुसरीकडे फिरतीवर असताना निकोमीडियाला मोठी आग लागली. घरे गेली, दोन सार्वजनिक इमारती गेल्या. लोक उभे राहून पाहत होते आणि शहरात पाणी मारण्याचा पंप नव्हता, बादलीसुद्धा नव्हती. प्लिनीने सम्राट ट्रेजनला लिहून विचारले की दीडशे कारागिरांचा एक अग्निशमन संघ काढू का, आपण त्यांच्यावर लक्ष ठेवू. ट्रेजनने नकार दिला. असल्या मंडळांनी त्या भागातल्या शहरांत आधीच गडबडी केल्या आहेत, नाव काहीही द्या, लोक एकत्र आले की त्याचा राजकीय जथा होतो; साहित्य घेऊन ठेवा आणि घरमालकांनाच ते वापरू द्या, असे त्याने कळवले. दीडशे माणसे जमवण्यासाठी समुद्रापलीकडे पत्र, उत्तराची वाट, आणि उत्तरात लपलेली भीती. एखाद्या गेममध्ये हाच प्रसंग ‘अग्निशमन केंद्र बांधा: इतकी नाणी, इतके दिवस’ एवढाच उरतो. सम्राटाला आगीपेक्षा संघटनेची धास्ती जास्त वाटते, हा साम्राज्याचा खरा स्वभाव त्या बटणात येत नाही.

तिसरी गोष्ट फौजेची, आणि इथे मला या खेळांबद्दल खरोखर आशा वाटते. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीच्या रणांगणावर कार्थेजच्या हॅनिबलने रोमची सेना जवळजवळ पुसून टाकली. रोमन मृतांचा आकडा लिव्ही ४८,००० च्या आसपास देतो, पॉलिबियस ७०,०००. रंगाच्या नकाशाचे गणित खरे असते तर युद्ध तिथेच संपायला हवे होते. पण पॉलिबियसनेच इ.स.पू. २२५ मधली रोम आणि त्याच्या दोस्तांची यादी दिली आहे: सात लाख पायदळ आणि सत्तर हजार घोडदळ, एवढ्या माणसांना शस्त्र धरायला बोलावता येत होते. ही सगळी माणसे रोमच्या ‘मालकीची’ नव्हती. इटलीतली शेकडो गावे आपापले कायदे, आपापले अधिकारी राखून होती. रोमला ती कर देत नसत, माणसे देत. हॅनिबलचा डाव या करारांवरच होता. कापुआ त्याला मिळालेही. आणि इ.स.पू. २०९ मध्ये तीसपैकी बारा लॅटिन वसाहतींनी रोमला सांगून टाकले की आता आमच्याकडे ना माणूस ना पैसा. उरलेल्या अठरा टिकल्या म्हणून रोम टिकले. त्या बारांवर तेव्हा रोमला बोटही उगारता आले नाही. पाच वर्षांनी, पारडे फिरल्यावर, दुप्पट माणसे मागून हिशेब चुकता केला गेला. नकाशावर या वर्षांत त्या वसाहतींचा रंग बदलला नसता, आणि तरी युद्धातला सर्वांत धोक्याचा क्षण तोच होता. पॅराडॉक्स या स्वीडिश कंपनीचा ‘इम्पेरेटर: रोम’ एप्रिल २०१९ मध्ये आला, तेव्हा त्यात नागरी, लष्करी, वक्तृत्व आणि धर्म अशा चार ‘शक्ती’ साठवून त्या खर्ची घालायच्या होत्या, धर्मशक्ती भरली की एका टिचकीत माणसांचा धर्म बदले. खेळणाऱ्यांनी याविरुद्ध इतकी ओरड केली की काही महिन्यांत ती पद्धत काढून हे बदल हळूहळू, वर्षानुवर्षे होणारे केले गेले. २०२१ च्या मोठ्या सुधारणेत फौज ही लोकांमधूनच उभी राहू लागली, कायमच्या लीजन वेगळ्या झाल्या. सैनिक राज्यापेक्षा सेनापतीशी जास्त इमानी होऊ शकतात ही सोय तर आधीपासून होती. रोमन सेनापती सुल्ला इ.स.पू. ८८ मध्ये स्वतःच्याच शहरावर चालून गेला तो याच इमानाच्या बळावर. २०२१ मध्येच कंपनीने त्या खेळाचे काम थांबवले, याची हळहळ वाटते. कारण तो योग्य दिशेने चालला होता.

त्याच खेळाची सुरुवात इ.स.पू. ३०४ मध्ये होते आणि त्याचा नकाशा पूर्वेला भारतापर्यंत जातो, त्यामुळे तिथे चंद्रगुप्त मौर्य आणि सेल्यूकस समोरासमोर उभे असतात. दोघांचा तह साधारण पुढच्याच वर्षीचा. स्ट्रॅबो सांगतो की सेल्यूकसने सिंधूलगतचे काही प्रांत दिले, सोयरिकीचा करार झाला आणि बदल्यात पाचशे हत्ती मिळाले. ते हत्ती इ.स.पू. ३०१ मध्ये इप्ससच्या लढाईत उतरले. नेमके कुठवरचे प्रांत दिले, यावर आजही मतभेद आहेत. आपल्याला ठाऊक आहेत ते बिंदू. कंदाहारला अशोकाचा ग्रीक-अरामी लेख सापडला म्हणून तिथे मौर्यांचा शब्द पोचत होता हे कळते. सोपाऱ्याला शिलालेखाचे तुकडे सापडले म्हणून कोकणच्या किनाऱ्याचे कळते. दोन बिंदूंमधली शेकडो कोसांची जंगले आणि त्यांतले आटविक, म्हणजे रानात राहणारे लोक, कुणाचे होते? रोमिला थापर यांनी मौर्य साम्राज्याची मांडणी मगधाचा गाभा, मग काही केंद्रीय प्रदेश आणि त्याभोवतीचा सैल परीघ अशी केली आहे, ती मला पुराव्याला धरून वाटते. नकाशा मात्र कंदाहारपासून सोपाऱ्यापर्यंत एकच रंग ओततो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हा खेळ आहे, प्रबंध नव्हे, रसदेचा हिशेब आणि पत्रांची वाट पाहणे यात कुणाला मजा येणार? पण हे करून दाखवलेले आहे. लाँगबो गेम्सच्या ‘हेगेमनी: फिलिप ऑफ मॅसिडॉन’ (२०१०) मध्ये शहरांमधली रसदेची साखळी हाच डावाचा कणा होता, साखळी तुटली की कितीही शूर फौज उपाशी. ‘ओल्ड वर्ल्ड’ (२०२१) मध्ये राजाकडे एका फेरीत मोजकेच हुकूम असतात, मग ते फौजेवर खर्चायचे की बांधकामावर की दरबारातल्या रुसव्यांवर, हे ठरवावे लागते. दोन्ही खेळ नीट खेळता येतात, आणि त्यांतली चुरस अडचणींमधूनच येते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकांतही असेच रंगवलेले नकाशे असतात, मग खेळालाच का धरायचे? पुस्तकातला नकाशा पानावर स्वस्थ असतो आणि शेजारच्या मजकुरात त्याला मुरड घालता येते. खेळात तो रंग हेच बक्षीस असते. शेकडो तास रंग पसरवण्याबद्दल शाबासकी मिळत राहिली की साम्राज्य म्हणजे पसरणे ही समजूत वाचून नव्हे, सवयीने अंगी मुरते. ज्या मुलांना इतिहासाचा पहिला ओढा या खेळांमुळेच लागतो, आणि अशी मुले पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी तर ही काळजी जास्तच घ्यायला हवी.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड. प्राचीन राजे स्वतःच असे बोलत नव्हते का? नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात तिच्या मुलाच्या, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या, ताब्यातल्या देशांची नावे ओळीने येतात, असिक, अश्मक, मुळक, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ, आकरावन्ती. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायल्याचेही सांगितले आहे. मग रंग भरायची हौस आजच्याच खेळणाऱ्यांची कशी? उत्तर असे की प्रशस्ती ही प्रशस्ती म्हणून वाचावी लागते. तिला सातबारा समजून चालत नाही. प्रशस्ती राजाला काय म्हणवून घ्यायला आवडे ते सांगते. त्याने काय केले हे पाहायला नाशिक जिल्ह्यातल्याच जोगलटेंभीला जावे लागते. तिथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा मारलेला आहे. नहपानाचा चेहरा अनेक नाण्यांवर खालून अजून दिसतो. चांदी वितळवायला नको, बाजारातला व्यवहार खोळंबायला नको, आणि हातोहात फिरणाऱ्या प्रत्येक नाण्याने नवा धनी कोण ते सांगावे. याच सुमाराच्या ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शकात, एरिथ्रियन समुद्राच्या पेरिप्लसमध्ये, पैठण भडोचपासून वीस दिवसांवर आणि तेर तिथून दहा दिवसांवर सांगितले आहे. पैठणचा अकीक आणि तेरचे कापड गाड्यांमधून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोचला पोचत असे. आणि कल्याणविषयी तो लिहितो की थोरल्या सारगनसच्या काळात ते रीतसर व्यापारी बंदर होते, पण सत्ता पालटल्यावर तिथे चुकून उतरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. या चालीने कल्याणचा महसूल तोडला, भडोचचा वाढवला, आणि घाटावरच्या सातवाहनांना समुद्रापासून वेगळे पाडले. युद्ध म्हणून याची नोंद कुठल्याही प्रशस्तीत सापडणार नाही.

म्हणून प्राचीन दख्खनवर किंवा भूमध्य समुद्रावर नवा खेळ आला की त्याच्या डेमोत या दोन चाली शोधाव्यात. शत्रूच्या नाण्यावर आपला शिक्का मारता येतो का, आणि त्याचा परिणाम बाजारात हळूहळू दिसतो का? एखाद्या बंदराकडे येणारी जहाजे वळवून, एकही शिपाई न हलवता, घाटापलीकडच्या राजाची तिजोरी आटवता येते का? आणि नाणेघाट हातचा गेला तर जुन्नरच्या मालकाला त्याचा फटका सरहद्दीची रेघ शंभर मैल मागे सरकण्याहून जास्त बसतो का? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली, तर घोडेस्वाराच्या रिकिबीची चूक पुढच्या सुधारणेपर्यंत थांबू शकते.